देह कोणाच्या ताब्यात, शब्द कोणाचा

गोव्याला घटकराज्याचा दर्जा मिळाला तो ३० मे १९८७ रोजी. आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत या चिमुकल्या राज्याच्या विधानसभेने एक ठराव संमत करून, मृत मनुष्याच्या देहातून अवयव काढण्यासंबंधी कायदा करण्याचा आपला अधिकार स्वखुशीने दिल्लीच्या संसदेच्या हवाली केला, ही गोष्ट पेडण्यात काय किंवा पणजीत काय, आज फारशी कोणाच्या स्मरणात उरलेली नाही. भारताच्या राज्यघटनेने सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये हा विषय राज्यांच्या सूचीत घातलेला असल्यामुळे संसदेला त्यात परस्पर हात घालता येत नाही. परंतु दोन किंवा अधिक राज्यांनी तशी इच्छा ठरावाच्या रूपाने प्रकट केली, तर घटनेच्या अनुच्छेद २५२ अन्वये तिला ती मुभा मिळते. ८ जुलै १९९४ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या मानवी अवयव प्रत्यारोपण अधिनियमाच्या उद्देशिकेत असे ठराव करणाऱ्या राज्यांची नावे दिलेली आहेत: गोवा, हिमाचल प्रदेश आणि महाराष्ट्र. हा क्रम इंग्रजी वर्णमालेचा आहे, गोव्याच्या तत्परतेचा नव्हे, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. तथापि ४ फेब्रुवारी १९९५ रोजी हा कायदा ज्या तीनच राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत प्रथम अमलात आला, त्यांत आपण होतो, एवढे श्रेय घेण्यास हरकत नसावी.

या हवाल्याचा एक परिणाम मात्र कायमचा मागे राहिला आहे. अनुच्छेद २५२ च्या मार्गाने झालेल्या कायद्यात राज्याच्या विधिमंडळाला पुढे फेरबदल करता येत नाही. पर्वरीच्या विधानसभेला उद्या या विषयात काही गैरसोयीचे वाटले, तरी त्यातील एक कलमही तिला आपल्या बळावर हलवता यायचे नाही. म्हणूनच २०११ साली या अधिनियमात मोठी दुरुस्ती करावयाची झाली, तेव्हा पुन्हा राज्यांचे ठराव लागले. ते गोवा, हिमाचल प्रदेश आणि पश्चिम बंगाल यांनी केले, अधिनियमाच्या नावात अवयवांबरोबर ऊतींचाही समावेश झाला, १० जानेवारी २०१४ पासून दुरुस्ती अमलात आली आणि त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात तिचे सविस्तर नियम प्रसिद्ध झाले. आज गोमंतकात मृत्यूनंतर अवयव काढण्याचा जो काही प्रसंग येतो, तो या अधिनियमाच्या आणि या नियमांच्या चौकटीत येतो.

त्याआधी काय होते, याचा इतिहास रंजक असला तरी थोडक्यात आटोपण्यासारखा आहे. गोव्यात पोर्तुगीज अंमल चालू असताना शेजारच्या मुंबई राज्याने १९५७ साली मृताच्या डोळ्यांतील पारपटल काढून दुसऱ्यास बसवण्यापुरता एक कायदा केला होता. पुढे १६ फेब्रुवारी १९६८ रोजी, म्हणजे दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन येथे डॉ. ख्रिश्चन बर्नार्ड यांनी मानवी हृदयाचे पहिले प्रत्यारोपण केल्यानंतर जेमतेम अडीच महिन्यांनी, परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी तेच धाडस केले. रुग्ण काही तासांपलीकडे जगला नाही. पण त्या दिवशी शस्त्रक्रियागारात वैद्यक जेथवर येऊन पोचले होते, तेथवर कायदा यायला आणखी पाव शतक लागले. हृदय धडधडत असतानाच मनुष्य मेलेला असू शकतो, ही कल्पना तोवर आपल्या कोणत्याही कायद्याने स्वीकारलेली नव्हती. महाराष्ट्राने १९८२ साली मूत्रपिंडापुरता एक कायदा केला, परंतु दरम्यान जिवंत गरिबांची मूत्रपिंडे विकत घेण्याचा जो ओंगळ बाजार मुंबई-मद्रासकडे फोफावला, त्याने सरकारला जागे केले, आणि डॉ. लक्ष्मीमल सिंघवी यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या विचारविनिमयातून १९९४ चा अधिनियम आकाराला आला. तेव्हा हा कायदा एका हाताने बाजार बंद करतो आणि दुसऱ्या हाताने मृताच्या देहाची वाट उघडतो. वर्तमानपत्रांत पहिल्या हाताची चर्चा वारंवार होते, या लेखाचा विषय दुसरा हात आहे.

आता हा कायदा पार्सेसारख्या गावातील माणसाला कोठे आणि कसा भेटतो, ते पाहू.

पेडणे तालुक्यातील पार्से गावात एखादे वृद्ध गृहस्थ आपल्याच घरात, आपल्याच खाटेवर, वार्धक्याने वारले, तर त्यांच्या हृदयाचा, यकृताचा किंवा मूत्रपिंडांचा उपयोग दुसऱ्या कोणाला होण्याची शक्यता जवळजवळ शून्य असते. कारण रक्ताभिसरण थांबताच हे अवयव काही मिनिटांत निकामी होऊ लागतात आणि ते काढण्याची परवानगीही अधिनियमाने केवळ त्या कामासाठी नोंदणी झालेल्या रुग्णालयांनाच दिलेली आहे. डोळ्यांची गोष्ट निराळी आहे. पारपटलाला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसल्यामुळे मृत्यूनंतर सुमारे सहा तासांपर्यंत ते उपयोगी राहते, आणि अधिनियमाच्या १० व्या कलमाने डोळे व कान हे कोणत्याही ठिकाणी, अर्थात मृताच्या राहत्या घरीही, काढण्याची स्पष्ट मुभा ठेवलेली आहे. २०११ च्या दुरुस्तीनंतर पारपटल काढण्यासाठी डॉक्टरच हवा असेही राहिलेले नाही, प्रशिक्षित तंत्रज्ञ ते काम करू शकतो. घरच्यांनी करावयाचे ते इतकेच, की पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवावा, डोक्याखाली उशी द्यावी, पंखा बंद करावा आणि नेत्रपेढीला विनाविलंब निरोप पाठवावा. ज्यांनी हयातभर कसलाही अर्ज भरला नाही, त्यांचेही डोळे त्यांच्या जवळच्या माणसांच्या संमतीने घेता येतात. अवयवदानाच्या समारंभांतून हृदयाच्या आणि यकृताच्या गोष्टी ऐकून घरी गेलेल्या श्रोत्याला, आपल्या हातून खरोखर घडण्याजोगे दान बहुधा डोळ्यांचे आहे, हे कोणी सांगत नाही, याचे मला नेहमी नवल वाटते.

दुसरा प्रसंग अधिक दुर्धर आहे. कल्पना करू, की त्याच गावचा एक मध्यमवयीन माणूस राष्ट्रीय महामार्गावर धारगळच्या बाजूला दुचाकीवरून पडला, डोक्याला जबर मार बसला, १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने त्याला प्रथम तुयेला किंवा म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयात, ज्याला जुनी माणसे अजून आझिलोच म्हणतात, तेथे नेले, आणि तेथून बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे अर्धा गोवाच नव्हे तर पलीकडचे दोडामार्ग आणि सावंतवाडीही ज्याला गोमेकॉ म्हणून ओळखते तेथे, अतिदक्षता विभागात दाखल केले. छाती व्हेंटिलेटरच्या तालावर वरखाली होते आहे, अंग उबदार आहे, पडद्यावर हृदयाचे ठोके उमटत आहेत. आणि डॉक्टर बाहेर येऊन सांगतात, की हा मनुष्य मृत झालेला आहे. बाहेर बाकावर बसलेल्या बायकोने आणि भावाने यावर विश्वास ठेवावा, ही अपेक्षा मानवी स्वभावाच्या विरुद्ध आहे. म्हणूनच विधिकर्त्यांनी या एका क्षणाभोवती जेवढी तटबंदी उभी केली, तेवढी अधिनियमात अन्यत्र कोठेही केलेली नाही.

कायद्याच्या व्याख्येनुसार मृत व्यक्ती म्हणजे जिच्या ठिकाणी जीविताची सर्व चिन्हे कायमची नाहीशी झाली आहेत अशी व्यक्ती, मग ती हृदय व श्वसन थांबल्यामुळे नाहीशी झालेली असोत किंवा मस्तिष्कस्तंभाच्या मृत्यूमुळे. मस्तिष्कस्तंभ म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेला, अंगठ्याएवढ्या जाडीचा तो भाग, की ज्यात श्वासाची प्रेरणा निर्माण होते आणि जागृतीचे सूत्र असते. त्याचे सर्व व्यापार कायमचे आणि पुन्हा सुरू न होण्यासारखे बंद पडले, तर व्हेंटिलेटर हवा भरत राहील आणि हृदय आपल्या स्वयंभू लयीने काही तास, कधी काही दिवस ठोके देत राहील, पण तो माणूस स्वतःचा एक श्वासही पुन्हा घेणार नाही. येथे दीर्घ बेशुद्धीची आणि या अवस्थेची गल्लत होते, ती टाळण्यासाठी एक सर्वज्ञात उदाहरण पुरेसे आहे: केईएममधील परिचारिका अरुणा शानभाग १९७३ साली झालेल्या हल्ल्यानंतर २०१५ पर्यंत, बेचाळीस वर्षांच्या आसपास, त्याच रुग्णालयात चेतनाहीन स्थितीत होत्या, परंतु त्यांचा मस्तिष्कस्तंभ जिवंत होता, त्या स्वतः श्वास घेत होत्या, आणि या कायद्याच्या दृष्टीने त्या एक क्षणही मृत नव्हत्या.

हा मृत्यू एका डॉक्टरच्या शब्दावर ठरत नाही. अधिनियमाच्या ३ ऱ्या कलमाच्या ६ व्या पोटकलमान्वये चार जणांचे मंडळ लागते: रुग्णालयाचा प्रमुख वैद्यकीय अधिकारी, मान्यताप्राप्त सूचीतून नेमलेला एक तज्ज्ञ, त्याच सूचीतील मज्जाविकारतज्ज्ञ किंवा मज्जाशल्यविशारद, आणि प्रत्यक्ष उपचार करणारा डॉक्टर. मज्जाविकारतज्ज्ञ हा प्राणी मोठ्या शहरांबाहेर दुर्मीळ असल्यामुळे, तो उपलब्ध नसेल तर शल्यविशारद, भिषक्, भूलतज्ज्ञ किंवा अतिदक्षतातज्ज्ञ यांच्यातून नेमणूक करण्याची तजवीज २०११ मध्ये झाली. मात्र प्रत्यारोपण करणाऱ्या चमूतील कोणीही या मंडळावर बसू शकत नाही. अवयवासाठी माणसाला अकाली मृत ठरवतील, ही जी शंका सामान्य माणसाच्या मनात घर करून असते, तिला कायद्याने दिलेले उत्तर हे आहे: मृत्यूचा दाखला देणारे हात आणि अवयव बसवणारे हात हे वेगळेच असले पाहिजेत.

हे मंडळ काय तपासते? प्रथम, मेंदूला झालेली इजा कोणती आणि ती भरून न येणारी आहे काय. मग, झोपेची किंवा स्नायू शिथिल करणारी औषधे, विष, शरीराचे घसरलेले तापमान, रक्तातील क्षारांचा बिघाड यांपैकी कशानेही मृत्यूचे सोंग उभे राहिलेले नाही ना. त्यानंतर बाहुल्यांवर प्रकाश टाकून, डोळ्याच्या पटलाला स्पर्श करून, मान वळवून, कानात बर्फाचे पाणी सोडून, घशात नळी हलवून, वेदना देऊन मस्तिष्कस्तंभाची एकेक प्रतिक्रिया चाचपली जाते. शेवटी ॲप्नीया चाचणी होते. रुग्णाला भरपूर प्राणवायू देऊन व्हेंटिलेटर काही मिनिटे बाजूला केला जातो आणि रक्तातील कर्बद्विप्राणिल वायूचे प्रमाण एवढे वाढू दिले जाते, की मस्तिष्कस्तंभात प्राणाचा अंशही शिल्लक असता तर छाती हललीच असती. आणि ही सगळी परीक्षा एकदाच करून भागत नाही. किमान सहा तासांच्या अंतराने ती पुन्हा साग्र करावी लागते, आणि मग चौघांच्या सह्या नमुना क्रमांक १० वर होतात. इतके सारे झाल्यावरही, प्रत्यक्ष अवयव काढणाऱ्या डॉक्टरने ते काढण्यापूर्वी देहाची स्वतः तपासणी करून खातरजमा केली पाहिजे, असे कलम ३ बजावते.

पेडण्याच्या एखाद्या घरात यावरून असा प्रश्न उपस्थित होईल, की तिथी कोणती धरावयाची. पहिली परीक्षा दशमीला, दुसरी एकादशीच्या पहाटे, आणि हृदय थांबले ते त्या दिवशी दुपारी शस्त्रक्रियागारात. तर दिवस आणि श्राद्ध कोणत्या तिथीचे? धर्मशास्त्राचा निर्णय पुरोहित देतील. कायद्याच्या व्याख्येत मात्र मंडळाने प्रमाणित करणे हे मस्तिष्कस्तंभ-मृत्यूचेच एक अंग असल्यामुळे, त्याच्या लेखी दुसऱ्या परीक्षेनंतर प्रमाणपत्र पुरे झाले, की मनुष्य मृत झाला. ख्रिस्ती वाचकांसाठी हेही नमूद केले पाहिजे, की पोप जॉन पॉल दुसरे यांनी ऑगस्ट २००० मध्ये रोम येथे प्रत्यारोपणतज्ज्ञांच्या अधिवेशनात केलेल्या भाषणात मेंदूच्या मृत्यूचा हा निकष मान्य करता येण्यासारखा असल्याचे आणि अवयवदान हे प्रेमाचे कृत्य असल्याचे सांगितले होते.

मृत्यू निश्चित झाला. आता देह कोणाच्या आज्ञेने उघडावयाचा? मला विचाराल तर या संपूर्ण कायद्याचे मर्म येथे आहे, आणि त्यातील विसंगतीही येथेच आहे.

अठरा वर्षांवरील कोणतीही व्यक्ती हयातीत लेखी, आणि दोन किंवा अधिक साक्षीदारांसमक्ष, आपल्या मृत्यूनंतर अवयव घेण्याचा अधिकार देऊ शकते. त्या साक्षीदारांपैकी निदान एक तरी जवळचा नातेवाईक असला पाहिजे. ही शेवटची अट वरवर किरकोळ दिसते, पण विधिकर्त्यांचे शहाणपण तीत साठवलेले आहे: जो कागद घरातील एकाही माणसाला ठाऊक नाही, तो ऐन वेळी कोणाच्या हाती लागायचा नाही. असा अधिकार दिलेला असेल, तर देह ज्याच्या कायदेशीर ताब्यात आहे त्याने, मृताने पुढे तो मागे घेतल्याचे मानण्यास कारण नसेल तेव्हा, डॉक्टरला अवयव घेण्याची सर्व वाजवी सोय करून द्यावी, असे कायदा म्हणतो. तेथे नातेवाइकांच्या पसंती-नापसंतीचा उल्लेखही नाही. मृताने काहीच लिहून ठेवलेले नसेल आणि विरोधही दर्शवलेला नसेल, तेव्हा मात्र अधिकार देह ताब्यात असणाऱ्याकडे जातो, आणि तोही एका अटीने: कोणाही जवळच्या नातेवाइकाचा विरोध आहे असे मानण्यास त्याला कारण असता कामा नये. पती किंवा पत्नी, आईवडील, मुलगे-मुली, भाऊ-बहीण आणि २०११ नंतर आजी-आजोबा व नातवंडे, एवढा जवळच्या नातेवाइकांचा परिवार. यांत श्रेष्ठकनिष्ठतेची उतरंड कायद्याने लावलेली नाही. म्हणजे पार्सेच्या त्या अपघातग्रस्त माणसाची पत्नी बांबोळीला सही करण्यास तयार असली आणि कुवेतमध्ये नोकरीला असलेला मुलगा दूरध्वनीवरून नको म्हणाला, तर तेथेच विषय संपतो. मृत व्यक्ती अठरा वर्षांखालील असेल, तर आई किंवा वडील यांपैकी कोणीही एक संमती देऊ शकतो.

हे कागदावरचे झाले. व्यवहारात, मृताने अर्ज भरलेला असो वा नसो, कुटुंबाची नमुना क्रमांक ८ वरील संमती घेतल्याखेरीज रुग्णालये पाऊल पुढे टाकत नाहीत, आणि शोकाकुल घराच्या विरोधाला न जुमानता कायद्याच्या बळावर अवयव काढण्याचे धाडस कोणी करत नाही, करूही नये. २०२३ पासून आधार क्रमांकाच्या साहाय्याने राष्ट्रीय नोंदवहीत आपली इच्छा नोंदवण्याची सोय झाली आहे आणि ती चांगलीच आहे. पण त्या नोंदीने घरच्यांच्या सहीची गरज संपली, असा समज करून घेणाऱ्याने आपली इच्छा यंत्राला सांगितली आणि बायकोला सांगायची ठेवली, असे म्हणावे लागेल.

गोमंतकीयाला यातील विसंगती इतरांपेक्षा अधिक लख्ख दिसावी. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या आणि आज गोव्याच्या स्वतंत्र उत्तराधिकार कायद्यात उतरलेल्या परंपरेप्रमाणे, येथील माणसाला मुलेबाळे असताना मृत्युपत्राने आपल्या मिळकतीच्या निम्म्याहून अधिक भागाची विल्हेवाट स्वतःच्या मर्जीने लावता येत नाही. उरलेला अर्धा वारसांचा, आणि तो त्यांच्यापासून हिरावून घेणे सहसा शक्य नसते. आपल्या घराच्या आणि बागायतीच्या बाबतीत ज्याचे हात असे निम्मे बांधलेले, त्याला आपल्या देहाच्या बाबतीत अधिनियमाने पूर्ण स्वातंत्र्य बहाल केले. आणि प्रत्यक्षात मात्र जमिनीच्या बाबतीत नोटरीसमोर केलेले निम्मे मृत्युपत्र तंतोतंत पाळले जाते, तर देहाविषयीचा संपूर्ण शब्द रुग्णालयाच्या दारात उभ्या असलेल्या वारसांच्या मर्जीवर अवलंबून राहतो. याच सवयीतून काही वडीलधारी मंडळी अवयवदानाची इच्छा मृत्युपत्रात लिहून ठेवतात. मृत्युपत्र उघडते ते क्रियाकर्म आटोपल्यावर. हृदय काढल्यापासून सुमारे चार ते सहा तासांत बसवावे लागते, यकृताला बारा तासांच्या आसपास अवधी मिळतो, मूत्रपिंड एखादा दिवस तग धरते. म्हणून ही इच्छा मृत्युपत्रात कोंडून ठेवण्यात अर्थ नाही.

अपघाती मृत्यू म्हटला की पोलीस आले, पंचनामा आला, शवचिकित्सा आली. चौकशी लागण्याची शक्यता असलेल्या देहातून परस्पर अवयव काढण्यास ४ थ्या कलमाने मनाई केली आहे. आणि लगोलग ६ व्या कलमाने, शवचिकित्सेच्या प्रयोजनाला ज्या अवयवाची जरूर नाही तो सक्षम व्यक्तीच्या संमतीने घेण्याची वाट मोकळी ठेवली आहे. या दोन कलमांच्या सांध्यात पूर्वी पुष्कळ दाने अडकून पडत. २०१४ च्या नियमांनी कार्यपद्धती बांधून दिली: कुटुंबाची संमती मिळताच रुग्णालयाने त्या हद्दीच्या पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्याला किंवा त्याच्या वरिष्ठाला थेट अथवा रुग्णालयातील पोलीस चौकीमार्फत विनंती करावी, तिची प्रत शवचिकित्सकाला द्यावी, आणि मृत्यूचे कारण ठरवण्यात बाधा येणार नाही अशा रीतीने अवयव काढावेत, काढणाऱ्या डॉक्टरने लिहिलेला अहवाल शवचिकित्सेच्या टिपणांचाच भाग समजला जातो, आणि शक्य तेथे शवचिकित्सकाने कचेरीच्या वेळेबाहेरही येऊन त्याच वेळी आपले काम सुरू करावे, असे नियम सुचवतात. सूर्यास्तानंतर शवचिकित्सा न करण्याचा जो जुना दंडक होता, तोही केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२१ मध्ये अवयवदानाला प्राधान्य देऊन शिथिल केला. शवविच्छेदन टळणार नाहीच, हे एकदा कळले, की अवयवदानाने देहाची विटंबना होईल ही भीती बाळगण्यात फारसे तथ्य उरत नाही.

बेवारस देहांविषयीचे ५ वे कलम हे मात्र मला कायद्याच्या पुस्तकातच शोभणारे वाटते. रुग्णालयात किंवा तुरुंगात मृत्यू आला आणि अठ्ठेचाळीस तासांत जवळचा कोणी देह मागण्यास आला नाही, तर तेथील व्यवस्थापनाला अवयव काढण्यास संमती देता येते, असे ते सांगते. पण ज्या अवयवांचे आयुष्य तासांत मोजायचे, त्यांच्यासाठी दोन दिवस वाट पाहणे म्हणजे काय, हे विधिकर्त्यांनी लक्षात घेतलेले दिसत नाही.

संमती मिळालेल्या अवयवाची वाटणी कोणा डॉक्टरच्या मर्जीने होत नाही. ती करणारी गोव्यासाठीची राज्य संस्था गोमेकॉतच आहे, आणि तिच्यावर महाराष्ट्र, गुजरात, गोवा आदी राज्यांसाठीची विभागीय संस्था मुंबईच्या केईएममध्ये आहे. राज्याच्या प्रतीक्षायादीत योग्य रुग्ण नसेल, तेव्हा अवयव विभागात आणि मग देशात देऊ केला जातो. गोवा लहान असल्यामुळे हृदयासारखा अवयव बहुधा बाहेर जातो, आणि मग बांबोळीहून विमानतळापर्यंतचा रस्ता पोलीस मोकळा करून देतात. डिसेंबर २०२२ मध्ये मोपा येथे मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाल्यापासून पेडणे तालुकाही या नकाशावर आला आहे. अवयव काढण्याचा, टिकवण्याचा व नेण्याचा खर्च मृताच्या कुटुंबावर पडता कामा नये, असा नियम आहे. तसेच मृताच्या कुटुंबाला मोबदला देण्या-घेण्याचा कसलाही व्यवहार झाल्यास पाच ते दहा वर्षांचा कारावास आणि वीस लाखांपासून एक कोटी रुपयांपर्यंत दंड, अशी शिक्षा २०११ पासून आहे.

या चौकटीत एक भगदाड मात्र राहून गेले आहे. मस्तिष्कस्तंभाचा मृत्यू हा मृत्यू आहे, हे सांगणारा कायदा हा एकच. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमातील मृत्यूची व्याख्या त्याचा उल्लेख करत नाही. परिणामी, कुटुंबाने अवयवदानाला नकार दिला, की ज्या माणसाला कालच चार डॉक्टरांनी मृत म्हटले, त्याचा व्हेंटिलेटर बंद करण्यास तेच डॉक्टर कचरतात, आणि घरच्यांना तो नकारच जणू जीवदान वाटू लागतो. केरळ सरकारने २०२० साली मेंदूमृत्यूचे प्रमाणन अवयवदानापासून अलग करून स्वतंत्र मार्गदर्शक नियम काढले, हा शहाणपणाचा मार्ग होय. गोव्यात निराळ्या बाजूने सुरुवात झाली आहे: निरर्थक उपचार नाकारण्याचे आगाऊ लेखी निर्देश देण्याची जी पद्धत सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केली आणि २०२३ मध्ये सोपी केली, तिच्यानुसार असा निर्देश गोव्यात प्रथम नोंदवणारे गृहस्थ मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे तत्कालीन न्यायमूर्ती महेश सोनक होत, साल २०२४.

पोर्तुगालमध्ये हाच प्रश्न उलट्या टोकाने सोडवलेला आहे. तेथे १९९३ च्या कायद्याने प्रत्येक नागरिक व रहिवासी हा संभाव्य दाता समजला जातो, आणि ज्याला ते नको असेल त्याने राष्ट्रीय नोंदवहीत आपला नकार नोंदवावयाचा असतो. इंग्लंडनेही २०२० पासून याच्याशी मिळतीजुळती पद्धत स्वीकारली आहे. पोर्तुगीज पारपत्र घेऊन लिस्बनला किंवा तेथून पुढे इंग्लंडात स्थायिक झालेले जे हजारो गोमंतकीय आहेत, त्यांना मौन पाळूनही तेथे दाता ठरता येते आणि नकारासाठी मात्र नोंद करावी लागते. त्यांचा पार्सेत मागे राहिलेला भाऊ मौन पाळील, तर निर्णय त्याच्या माणसांचा. आपल्या कायद्याने होकारासाठी नमुना क्रमांक ७ आणि ८ छापले आहेत, नकारासाठी एकही नाही. अतिदक्षता विभागातील डॉक्टरने किंवा प्रत्यारोपण समन्वयकाने दान करण्याचा आणि न करण्याचा, असे दोन्ही पर्याय नातेवाइकांना समजावून सांगावेत, असे कर्तव्य २०११ च्या दुरुस्तीने घालून दिले आहे. त्यावर कोणी नको म्हटले, तर त्याला कारण द्यावे लागत नाही, सही करावी लागत नाही आणि साक्षीदारही आणावा लागत नाही.